ताट वेगळं केलं, खिडकी मात्र बंदच! आजारात अंतर ठेवायचं ते कधी आणि कसं?

गावाकडं माणूस आजारी पडला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आधी सगळे जवळ येतात आणि आजाराचं नाव कळलं की सगळे लांब जातात. महिनाभर खोकणाऱ्या माणसाला खेटून ओसरीवर बसणारी, त्याच्याच हातावरची मळलेली तंबाखू घेणारी मंडळी थुंकीचा रिपोर्ट ‘टीबी’ असा आला की उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करून जातात. घरात ताट-तांब्या वेगळा होतो. वाकळ वेगळी होते. लेकरांना ‘तिकडं जाऊ नको’ म्हणून दटावलं जातं.

टीबीचा म्हणजे क्षयरोगाचा विचार केला तर हे सगळं नेमकं उलटं आहे. जवळ बसण्याचे ते दिवस खरे धोक्याचे होते. गोळ्या सुरू झाल्यानंतरचे लांब पळण्याचे दिवस तेवढ्या धोक्याचे नसतात. आणि ताट-तांब्याचा तर या आजाराशी संबंधच नाही. अंतर ठेवलं जातं, पण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या वस्तूपासून. त्यात रोगी एकटा पडतो आणि रोग मात्र घरात फिरत राहतो.

जवळ बसणं म्हणजे आपलेपण

दोन माणसांनी एकमेकांपासून किती लांब उभं राहायचं, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, तरी प्रत्येक समाजात त्याचा एक अंदाज असतो. एडवर्ड हॉल या अमेरिकन अभ्यासकानं १९६६ साली यावर पुस्तकच लिहिलं. त्यानं आपल्या निरीक्षणातून चार टप्पे सांगितले. साधारण दीड फुटाच्या आत घरातली, जिव्हाळ्याची माणसं. दीड ते चार फुटांत मित्रमंडळी, ओळखीपाळखीचे. चार ते बारा फुटांत कामापुरता संबंध असलेले. त्यापलीकडं सभा-भाषणाचं अंतर. ही मापं अमेरिकेतल्या लोकांवरून काढलेली होती, आणि देश बदलला की माप बदलतं हेही त्यानं सांगून ठेवलं होतं.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ देशांतल्या जवळपास ९ हजार लोकांना विचारलं गेलं की, अनोळखी माणूस किती जवळ आलेला चालेल? अर्जेंटिनातल्या लोकांनी सरासरी अडीच फूट सांगितलं, तर रोमानियातल्या लोकांनी साडेचार फुटांच्या आसपास. बाकीचे देश या दोन टोकांच्या मध्ये होते.

आपल्या तालुक्यात हे माप काढायचं तर टेप कशाला, बाजारच्या दिवशी काळी-पिवळी जीपमध्ये बसलं तरी पुरे. नऊ जणांच्या जागेत पंधरा जण आणि त्यात दोघांच्या मांडीवर पोरं. एसटीत तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत चौथा टेकतो आणि कुणी त्याला बोलत नाही. मयताच्या घरी बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. बाळंतिणीच्या खोलीत येणारी प्रत्येक आत्या-मावशी लेकराचा मुका घेते. पारावर कुणी चार हात लांब बसला तर लगेच टोमणा येतो, ‘काय रं, लई परका झालास?’

हे काही अडाणीपण नाही. खांद्याला खांदा लावून बसण्यातूनच उसनवारी चालते, सावड होते, रात्री-अपरात्री दवाखान्याला न्यायला गाडी मिळते. म्हणून ‘सगळ्यांनी लांब लांब राहा’ एवढंच सांगून काही होत नाही. २०२० मध्ये दुकानांपुढं चुन्यानं आखलेली वर्तुळं सगळ्यांना आठवत असतील. माणसं वर्तुळात उभी राहायची, आणि ओळखीचा दिसला की वर्तुळ सोडून त्याच्याजवळ जायची.

फुटापेक्षा हवा महत्त्वाची

माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो तेव्हा तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब जड असतात, ते थोड्या अंतरावर खाली पडतात. ‘तीन फूट लांब, सहा फूट लांब’ असं सांगतात ते प्रामुख्यानं या थेंबांसाठी. पण काही कण इतके बारीक असतात की ते खाली पडतच नाहीत. चुलीच्या धुरासारखे ते हवेत तरंगत राहतात. खोली बंद असेल तर ते साचत जातात. तिथं सहा फूट काय आणि बारा फूट काय, सगळे तीच हवा ओढत असतात.

टीबी असाच पसरतो, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालं. टीबीच्या रुग्णांच्या वॉर्डातली हवा नळीवाटे वरच्या बाजूला ठेवलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडं सोडली गेली. त्या प्राण्यांचा रुग्णांशी ना स्पर्श, ना भांड्यांचा संबंध. तरी हळूहळू एकेकाला लागण होत गेली. ज्यांच्याकडं जाणारी हवा अतिनील किरणांनी जंतुमुक्त केली होती, ते वाचले. आजार आला तो फक्त हवेतून.

करोनाच्या काळातलं एक उदाहरण आपल्या भजनी मंडळांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायक मंडळाचा सराव झाला. बंद सभागृहात ६१ जण अडीच तास गात होते. त्यातल्या एकाला सर्दी-खोकल्यासारखा त्रास होता. पुढच्या काही दिवसांत ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. गाताना छाती भरून श्वास घेतला जातो आणि जोरानं सोडला जातो, त्यामुळं कणही जास्त बाहेर पडतात. तेच गाणं उघड्या मंडपात झालं असतं तर हवेनं बरंचसं काम केलं असतं.

बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. द्राक्षबागेत फांद्यांची गर्दी झाली, आत हवा खेळेनाशी झाली की डावणी आणि भुरी आलीच म्हणून समजा. म्हणून विरळणी करून कॅनोपी मोकळी ठेवतात. कांदा चाळीत भरताना खालून आणि बाजूनं हवा लागली पाहिजे, हे पोरासोरालाही ठाऊक असतं. नाहीतर एक कांदा सडतो आणि शेजारचे घेऊन जातो. कांद्यासाठी एवढी काळजी घेणारा शेतकरी स्वतःच्या झोपायच्या खोलीला मात्र एकच खिडकी ठेवतो, आणि तिलाही आतून कपाट लावतो.

थोडक्यात, धोका चार गोष्टींवर ठरतो. माणूस किती जवळ आहे, किती वेळ आहे, जागा बंद आहे की उघडी, आणि आजारी माणसावर उपचार सुरू आहेत की नाहीत. पारावर उघड्यावर दहा मिनिटं बसणं आणि काचा लावलेल्या जीपमध्ये दोन तास बसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रत्येक आजाराची वाट वेगळी

गोंधळ होतो तो सगळ्या आजारांना एकच नियम लावल्यामुळं.

डोळे येण्याची साथ पावसाळ्यात दर काही वर्षांनी येते. २०२३ मध्ये आळंदी परिसरातून सुरू झालेली साथ राज्यभर गाजली. डोळे आलेल्याकडं पाहिलं की आपलेही डोळे येतात, हा समज अजून आहे. तसं काही नसतं. तो हातानं, टॉवेलानं, उशीच्या अभ्र्यानं पसरतो. इथं अंतरापेक्षा हात धुणं आणि टॉवेल वेगळा ठेवणं कामाचं.

खरूज अंगाला अंग लागून आणि एका अंथरुणातून पसरते. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावलं नाही तर ती फिरून फिरून येते.

गॅस्ट्रो आणि साथीची कावीळ दूषित पाण्यातून, घाण हातांतून येते. तिथं माणूस किती लांब बसला याला अर्थ नाही. टाकी, पाइपलाइनची गळती आणि हातांची स्वच्छता बघायला पाहिजे.

गोवर हवेतून पसरणाऱ्या आजारांत सगळ्यात जहाल. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतात. यावर अंतर पुरत नाही, लसच लागते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा, हे अंगणवाडीतून सांगितलं जातं ते याचसाठी.

कुष्ठरोगाची तर माणसानं सगळ्यात जास्त भीती बाळगली, पण तो सहजासहजी होतच नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळ जवळच्या सहवासातून तो होऊ शकतो, आणि बहुतेकांच्या शरीरात त्याच्याशी लढायची ताकद असते. औषध सुरू झालं की रुग्णापासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो.

आणि टीबी. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. ताटातून, कपड्यातून, हात मिळवण्यातून पसरत नाही. गाठींचा किंवा हाडांचा टीबी असेल, फुप्फुसाला काही नसेल, तर तो दुसऱ्याला होत नाही.

घोळ होतो तो आधीच्या दोन-तीन महिन्यांत

खोकला सुरू होतो तेव्हा ‘हवा बदलली’, ‘धुळीचा त्रास’, ‘बिडीचा खोकला’ अशी नावं दिली जातात. मेडिकलवरून बाटली आणली जाते. सोयाबीनची काढणी, उसाची तोडणी, लग्नाची तारीख, असं काही ना काही आडवं येतं आणि तपासणी मागं पडते. या काळात माणूस त्याच खोलीत सगळ्यांबरोबर झोपतो. उपचार न घेतलेला फुप्फुसाच्या टीबीचा एक रुग्ण वर्षभरात १० ते १५ जणांना लागण करू शकतो, असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो. लागण झाली म्हणजे आजार झालाच असं नाही. लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. लहान मुलं, कुपोषित माणसं, मधुमेही, एचआयव्ही असलेले यांना धोका जास्त.

योग्य औषधं नियमित सुरू झाली की साध्या टीबीत संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्यानं कमी होते. साधारण दोन आठवड्यांचा हिशोब सांगितला जातो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत योग्य औषध मिळेपर्यंत जास्त दिवस काळजी घ्यावी लागते, ते डॉक्टर सांगतात. म्हणजे ज्याच्या गोळ्या नियमित चालू आहेत, तपासण्या वेळेवर होत आहेत, त्या माणसापेक्षा ज्याची तपासणीच झालेली नाही असा खोकणारा माणूस जास्त धोक्याचा. आणि गाव लांब राहतं ते पहिल्यापासून.

याची सगळ्यात जास्त किंमत बाया देतात. सुनेला टीबी निघाला की तिला माहेरी पाठवून द्यायचं, पोरीला निघाला तर सोयरीक मोडेल म्हणून लपवायचं. मग बाई पदर तोंडावर धरून खोकते, पण दवाखान्यात जात नाही. लोक लांब जातील या भीतीनं तपासणी टळते आणि तपासणी टळली म्हणून आजार पसरतो. चुकीच्या वेळी ठेवलेलं अंतर असं फिरून गावावरच येतं.

मद्रासमध्ये १९५९ साली लागलेला निकाल

एके काळी टीबीच्या रुग्णाला घरापासून लांब सॅनिटोरियममध्ये ठेवायची पद्धत होती. आपल्याकडं मिरजेला असं सॅनिटोरियम होतं. पण खाटा मोजक्या आणि रुग्ण लाखो. मग १९५६ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक अभ्यास सुरू झाला. १९३ रुग्ण घेतले. काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना औषधं देऊन घरीच राहू दिलं. घरं म्हणजे दाटीवाटीच्या वस्त्यांतली, खायची आबाळ असलेली.

वर्षभरानं पाहिलं तर घरी राहून औषधं घेणारे सॅनिटोरियममधल्यांच्या जवळपास बरोबरीनं बरे झाले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबातल्या माणसांना जास्त टीबी झाला नाही. पुढं काही वर्षं लक्ष ठेवलं तरी तेच दिसलं. कारण घरातल्यांना जी लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेली होती. १९५९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर टीबीचे रुग्ण घरी ठेवून बरे करण्याची वाट मोकळी झाली.

ही गोष्ट भारतात, गरिबांच्या घरांत सिद्ध झाली. तरी आज गावात वेगळा तांब्या निघतोच.

अंतराची जुनी आठवण

गावानं अंतर पाळल्याची चांगली आठवणही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या काळात आणि पुढंही प्लेगची चाहूल लागली की माणसं गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहायची. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळं पसरतो, त्यामुळं घर सोडलं की उंदराची संगतही सुटायची. सगळं गाव मिळून बाहेर पडायचं, एकट्या माणसाला बाहेर काढायचं नाही, हा त्यातला खरा भाग.

पण आपल्या मातीत अंतराचा दुसराही इतिहास आहे. पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांना वेगळा पाणवठा, वेगळा कप आणि वेशीबाहेरची जागा दिली गेली. त्याला आजाराचं काहीच कारण नव्हतं, जात हेच कारण होतं. म्हणून ‘लांब बस’ हा शब्द ज्याला ऐकावा लागलाय, त्याला तो आरोग्याचा सल्ला वाटत नाही, अपमान वाटतो. करोनाच्या काळात ‘सामाजिक अंतर’ न म्हणता ‘शारीरिक अंतर’ म्हणा, असा आग्रह अनेकांनी धरला तो यामुळंच. आजाराचं कारण सांगून जुनं विटाळाचं भांडं परत फळीवर येता कामा नये.

मग करायचं काय?

जवळ येणं थांबवायचं नाही, जागा आणि वेळ बदलायची. त्याला पैसे लागत नाहीत.

सांत्वनाला, आजाऱ्याला भेटायला गेलं तर आतल्या खोलीत गर्दी करण्यापेक्षा अंगणात, पडवीत, झाडाखाली बसावं. आजारी माणसालाही उन्हा-वाऱ्यात बाहेर बरं वाटतं.

खोकला असलेल्यानं तोंडावर रुमाल धरावा किंवा मास्क लावावा. इतर वेळीही जीपमध्ये, एसटीत काच उघडी ठेवावी. थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा लावून दोन तास बसणं बरं नाही.

भजन, पारायण उघड्या सभामंडपात घ्यावं. आत असेल तर दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात आणि ज्याला ताप-खोकला आहे त्यानं त्या दिवशी ऐकायला बाहेर बसावं.

घर बांधताना समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्यात म्हणजे वारा आरपार जातो. जुन्या धाब्याच्या घराला छतात उजेडासाठी, धुरासाठी भोक ठेवलेलं असायचं. नव्या स्लॅबच्या घरात तेही गेलं. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोप्या तर आणखी अडचणीच्या. तिथं खोकणाऱ्या माणसानं निदान कोपीच्या दाराशी, वाऱ्याच्या बाजूनं झोपावं आणि तपासणी हंगाम संपेपर्यंत थांबवू नये.

तान्ह्या लेकराचा मुका नको. पाय धरून, कपाळाला काजळ लावूनही माया करता येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तपासणीचं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त, यातलं काही असेल तर आशा सेविकेला सांगावं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो, तो मध्येच सोडायचा नाही. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून १ हजार रुपये झाले आहेत. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

रुग्ण निघाला की घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना आजार नाही त्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रतिबंधक गोळ्या घेता येतात. खाण्यापिण्याकडंही बघावं. झारखंडमध्ये २ हजार ८०० रुग्णांच्या घरांत झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांतल्या माणसांना जादा धान्य-डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे रुग्णाचं ताट वेगळं करण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांची ताटं भरलेली असणं जास्त कामाचं.

जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. त्यातले बरेचसे कुणाच्या तरी ओसरीवर, जीपमध्ये, कोपीत बसून खोकत असतात आणि अजून त्यांना आजाराचं नाव कळलेलं नसतं. अशा माणसाला टाळण्यापेक्षा गाडीवर मागं बसवून थुंकी तपासायला घेऊन जाणारा शेजारी गावाला जास्त उपयोगाचा आहे. गोळ्या सुरू झाल्या की त्याच्या अंगणात बसून चहा प्यायला, कप वेगळा न मागता, काहीच हरकत नाही.